ट्रंपेटवाले मामू आणि ईना मीना डीका

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला बोलावलं, तेव्हा अपेक्षा अशी होती की मी कवितेवर बोलावं. संगमनेरचा माणूस, त्यात मराठीत कविता करणारा मुसलमान, म्हणजे विषय आधीच ठरल्यासारखा असतो. पण आज मला गाण्यांवर बोलायचंय. तीही अभंगांवर किंवा भावगीतांवर नाही. पन्नासच्या दशकात अमेरिकेत ‘रॉक अँड रोल’ नावाचं एक वादळ उठलं. त्याचे शिंतोडे आपल्याकडे कसे उडाले आणि आमच्या गावातल्या एका बँडवाल्याच्या ट्रंपेटमधून ते माझ्या कानावर कसे पडले, ते सांगायचंय. शिवाय एक जुनी चूक मनात आहे, तीही आज बोलून टाकणार आहे.

हा बँडवाला म्हणजे माझे सख्खे मामा. आम्ही भाचरं त्यांना मामू म्हणायचो आणि आमचं ऐकून सगळं गावच मामू म्हणायला लागलं. ‘ट्रंपेटवाले मामू’ म्हटलं की प्रवरेच्या अल्याड-पल्याड कुणाला वेगळी ओळख द्यावी लागत नसे. शिक्षण नगरपालिकेच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत. मामी विड्या वळायच्या. संगमनेरात विड्यांवर चालणारी घरं पुष्कळ, त्यातलंच एक. मामूंचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू व्हायचा तो आषाढापर्यंत. पावसाळ्याचे चार महिने ते स्टोव्ह दुरुस्त करायचे. ट्रंपेट मात्र बाराही महिने चकचकीत. चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासून ते पितळ असं उजळायचं की आम्ही त्यात तोंड बघायचो. तीन खटके आणि एक फुंक, एवढ्यावर हे वाद्य चालतं याचं मला फार नवल वाटायचं. सात सूर आणि खटके तीनच! मामू म्हणायचे, “बाकीचे सूर ओठांत असतात बेटा.”

वरात निघाली की सुरुवातीला देवाधर्माचं एखादं गाणं, मग त्या वर्षीची चालू गाणी आणि मारुतीच्या देवळापासून परण्या परत फिरला की मामूंचं ठरलेलं गाणं, ‘ईना मीना डीका’. बिगड्रमवाला अंग झोकून द्यायचा, खुळखुळेवाला पोरगा कमरेत वाकायचा आणि नवरदेवाचे मित्र रुमाल तोंडात धरून नाचायचे. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन, म्हणजे १९७५-७६चा सुमार. गाणं त्याच्या आधी अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीचं. पण वरातीत ते कधी जुनं झालं नाही.

मामूंनी ते पहिल्यांदा ऐकलं तंबूतल्या सिनेमात, जत्रेत. चित्रपट ‘आशा’, साल १९५७. मामूंचं वय तेव्हा अठराच्या आसपास. पडद्यावर किशोरकुमार, आणि त्याच चित्रपटात तेच गाणं पुन्हा आशा भोसले यांच्या आवाजात. संगीत सी. रामचंद्र यांचं, शब्द राजेंद्र कृष्ण यांचे. शब्द म्हणायचे खरे. त्यातल्या निम्म्यांना अर्थच नाही. या गाण्याची जन्मकथा सांगतात ती अशी. सी. रामचंद्रांच्या संगीतखोलीबाहेर मुलं खेळत होती. राज्य कुणावर ते ठरवायला मुलं जी इंग्रजी अक्षरं म्हणतात, ती कानावर आली आणि त्यातून मुखडा सुचला. त्यांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात आणखी अक्षरं जोडली. शेवटी जी गंमत येते, ती तर सरळ कोकणीतल्या ‘मला नको’ची आहे. बघा, मुलांचा खेळ इंग्रजी, भर कोकणी, गाणं हिंदी आणि संगीतकार आपल्या नगर जिल्ह्याचा!

हो, आपल्याच जिल्ह्याचा. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८चा, पुणतांब्याचा. गोदाकाठचं, चांगदेवांच्या समाधीचं पुणतांबे. संगमनेरहून दीड-दोन तासांची वाट. पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली शास्त्रीय संगीताचे धडे, मग कोल्हापूर-मुंबईकडची सिनेमाची उमेदवारी, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीवाला म्हणून नोकरी. असा सगळा देशी पाया असलेल्या माणसानं हिंदी सिनेमात परदेशी वाऱ्याला दार उघडून दिलं. १९४७च्या ‘शहनाई’त, १९४९च्या ‘पतंगा’त त्याची झुळूक होती. १९५१च्या ‘अलबेला’त तो वारा घोंघावत आत आला.

‘अलबेला’ म्हणजे भगवानदादा. भगवान आबाजी पालव. गिरणगावात वाढलेला मराठी गडी, अंगानं जाडजूड. पण हात-पाय अशा मोजक्या हालचालीनं हलायचे की प्रत्येकाला वाटावं, हे तर मलाही जमेल. नाच लोकांच्या अंगात उतरतो तो असा. पुढच्या कितीतरी नटांनी ती लकब उचलली. गणपतीच्या मिरवणुकीत आजही पन्नाशीचा माणूस नाचायला लागला की नीट बघा, तो नकळत भगवानदादांसारखाच नाचतो. या माणसानं पुढं बंगला, गाड्या सगळं गमावलं आणि अखेरचे दिवस दादरच्या चाळीत काढले. २००२ साली ते गेले. ‘एक अलबेला’ नावाचा मराठी चित्रपट २०१६ साली त्यांच्यावर निघाला. तो पाहायला मामू असायला हवे होते.

‘अलबेला’तल्या एका गाण्यात पडद्यावर वादकांचा ताफा दिसतो, झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला. त्यात ट्रंपेट वाजवणारा माणूस म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. त्या काळी त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत रात्री जाझ वाजवायचं आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, असा या गोवेकर वादकांचा दिनक्रम. चर्चच्या शाळेत त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवलेली असायची. आपल्या संगीतकारानं पेटीवर चाल म्हणायची आणि यांनी ती कागदावर उतरवून वीस-तीस वाद्यांत वाटून द्यायची. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड... ही मंडळी नसती तर त्या काळच्या हिंदी गाण्याला तो भरदार आवाज मिळाला नसता. पण तेव्हा बहुतेक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत यांची नावं नसायची. हा मुद्दा लक्षात असू द्या. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आता थोडं मूळ वादळाकडे. बिल हेली आणि त्याच्या ‘कॉमेट्स’ या ताफ्यानं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गाणं एप्रिल १९५४मध्ये ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटात वाजलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९५५ सालीच चक बेरीचं ‘मेबलीन’ आलं, लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ आलं. १९५६ साली एल्विस प्रेस्लेचं ‘हार्टब्रेक हॉटेल’ आलं आणि पोरी किंचाळू लागल्या, आयाबाप हादरले.

या संगीतात तांत्रिकदृष्ट्या फार मोठं काही होतं असं नाही. चार-चार मात्रांची बारा आवर्तनं, त्यांत फिरणारे तीन स्वरमेळ आणि पुन्हा पहिल्यापासून. काळ्या लोकांच्या ‘ब्लूज’ गाण्याचा हा जुना सांगाडा. त्याचा वेग वाढवला. गंमत होती ती ठोक्यात. आपण टाळी देतो ती समेवर, पहिल्या मात्रेवर. यांचा ठोका पडतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. करून बघा घरी. एक मोकळी सोडा, दोनवर टाळी, तीन मोकळी, चारवर टाळी. खांदा आपोआप हलतो. मामूंच्या बँडमधला साइडड्रमवाला आठ मात्रांचा केरवाच वाजवायचा. पण ‘ईना मीना’ला त्या केरव्यातच कुठंतरी हा उलटा ठोका सरकवून द्यायचा. त्याला कुणी शिकवला? सिनेमानं शिकवला. तंबूत बसून, कान देऊन. आमच्या बँडमध्ये स्वरलिपी वाचणारा एकही नव्हता.

आणि निरर्थक अक्षरांचं म्हणाल, तर ‘टुटी फ्रुटी’ची सुरुवातच तशी आहे. जणू ड्रमचे बोल तोंडानं म्हणावेत. आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. आपला तराणा काय, ढोलकीचे बोल काय, अंगणातली खेळगाणी काय, अर्थाच्या ओझ्याशिवाय गाणं धावू शकतं हे आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. म्हणूनच ‘ईना मीना’ परकं वाटलं नाही. लग्नाच्या मांडवात ते असं बसलं, जणू घरातलंच होतं.

मोठ्या माणसांना मात्र हे रुचलं नाही. तिथंही आणि इथंही. ६ जानेवारी १९५७ला एल्विस अमेरिकेच्या ‘एड सलिव्हन शो’मध्ये गायला, तेव्हा टीव्हीवाल्यांनी त्याला फक्त कमरेच्या वर दाखवलं. खाली बघितलं तर तरुण पिढी बिघडेल! आणि आपल्याकडे? आज मी जिच्यावरून बोलतोय त्या आकाशवाणीनंच १९५२नंतर सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली होती. नभोवाणीमंत्री होते डॉ. बा. वि. केसकर, म्हणजे मराठी माणूसच. लोकांना शास्त्रीय संगीताची गोडी लागावी हा त्यांचा हेतू. हेतू वाईट नव्हता. पण लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच १९५२ सालच्या अखेरीला ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींचा तो आवाज घराघरात गेला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. ‘आशा’ही त्याच वर्षीचा. गाणं दारातून हाकललं की ते खिडकीतून येतं, हा जुनाच अनुभव आहे.

किती जुना? तर आमच्या संगमनेरचंच उदाहरण देतो. अनंत फंदी, जन्म १७४४, मृत्यू १८१९. लावण्या आणि फटके रचणारा, तमाशाचा फड गाजवणारा शाहीर. आडनाव घोलप. संगमनेरात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता, अनंताची त्याच्याशी सलगी, म्हणून लोक अनंतालाही फंदी म्हणू लागले, अशी कथा आहे. पुढं अहिल्याबाई होळकरांनी त्याला सांगितलं की ब्राह्मणानं तमाशा करणं शोभत नाही, आणि मग तो कीर्तनाकडे वळला, असंही सांगतात. कथा खरी-खोटी कशीही असो. लोकांना नाचवणाऱ्या गाण्याकडे मोठ्यांनी बोट दाखवायचं, हा रिवाज एल्विसच्या दीडशे वर्षं आधी आमच्या गावात होता. आणि आमच्या गावचा सर्वांत मोठा कवी एका फकिराचं उसनं नाव लावून अमर झाला. मला मराठीतल्या माझ्या नात्याबद्दल कुणी विचारलं की मी ही कथा सांगतो आणि गप्प बसतो.

आमच्या घरातही बोटं होतीच. नात्यातली काही वडीलधारी माणसं म्हणायची, गाणंबजावणं आपल्यात चालत नाही. मामू नमाज पढायचे, रोजे धरायचे. रमजानात सुपारी आली तर ती बहुधा दुसऱ्या बँडला द्यायचे. वाद घालायचे नाहीत. “अल्लाहनं फुंक दिली, ती मी पोटासाठी वापरतो,” एवढंच.

आता माझ्या चुकीकडे येतो.

मी संगमनेर महाविद्यालयात बी.ए.ला होतो. साल १९८९. कविता छापून यायला लागल्या होत्या आणि जेवढं वाचलं होतं त्याच्यापेक्षा जास्त शिंग फुटलं होतं. पुण्याहून आलेल्या एका मित्राकडे इंग्रजी गाण्यांच्या कॅसेट होत्या. त्याच्याकडून कळलं की १९५०च्या ‘समाधी’तलं सी. रामचंद्रांचं गाजलेलं ‘गोरे गोरे’ हे १९४५च्या ‘डॉल फेस’ या अमेरिकी चित्रपटात कारमेन मिरांडानं गायलेल्या ‘चिको चिको’वरून उचललेलं आहे. शम्मी कपूरच्या ‘दिल देके देखो’ची चाल परदेशी, ‘भूत बंगला’तल्या ट्विस्टच्या गाण्याची चाल चबी चेकरची. मला एखादं भांडं फुटल्याचा आनंद झाला. ईदला मामूंकडे शीरखुर्मा खायला गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “मामू, तुम्ही जन्मभर चोरीचा माल वाजवताय. तुमचे सी. रामचंद्र नकलाकार आहेत.”

मामूंनी वाटी खाली ठेवली. विचारलं, “कोणतं गाणं?” मी नाव सांगितलं. “मूळ कुठलं?” तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “असेल. तू शिकलेला आहेस.” बस्स. मला वाटलं, मी जिंकलो.

पुढची गोष्ट १९९६ची. माझं लग्न. मला नोकरी लागलेली, साहेब लोक येणार, पुण्या-नाशिकचे दोन-चार साहित्यिक येणार. मी घरात सांगितलं, निकाह साधेपणानं करू, वाजंत्री नको. वडीलधाऱ्यांना बरं वाटलं. पोरगा धर्माला धरून वागतोय म्हणाले. खरं कारण मला माहीत होतं. पाहुण्यांसमोर माझा मामा लाल कोट घालून ‘ईना मीना’ वाजवत चाललाय, हे मला नको होतं. साधेपणाचं नाव पुढं केलं, मागं लाज होती.

मामू त्या दिवशी पांढरा कुर्ता घालून आले. हातात कापडी पिशवी होती. तिच्यात काय आहे ते आकारावरून कळत होतं. भाच्याच्या लग्नात कुणी ‘मामू, होऊन जाऊ द्या’ म्हणेल, असं त्यांना वाटलं असावं. कुणी म्हणालं नाही. मी तर नाहीच. त्यांनी पिशवी खुर्चीखाली ठेवली, जेवले, मला मिठी मारली, दुआ दिली आणि पिशवी उचलून घरी गेले.

त्यानंतर दोन-तीन हंगामांत त्यांचं वाजवणं थांबलं. ट्रंपेटला पुढचे दात लागतात. ओठांना मागून टेकू तोच. दात पडायला लागले की सूर घसरतो. शिवाय डीजे येऊ लागले होते. एका टेम्पोत शंभर बँडचा आवाज. मामू २००४ साली गेले. चाळिसावा झाल्यावर मामींनी मला त्यांची एक वही दिली, “तू लिहिणारा आहेस, तुझ्याकडे ठेव.” मी ती कपाटात ठेवून दिली.

दरम्यान माझं वाचन वाढत होतं आणि त्यात ‘चोरी’ या शब्दाची माझी पक्की व्याख्या ढासळत गेली. एल्विसचं १९५४ सालचं पहिलं गाजलेलं गाणं ‘दॅट्स ऑल राइट’. ते मूळ आर्थर क्रुडप या काळ्या गायकाचं. या क्रुडपला मानधनाचे हक्काचे पैसे जन्मभर नीट मिळाले नाहीत. १९७४ साली तो गेला तेव्हाही त्याची झुंज संपलेली नव्हती. एल्विसचं ‘हाउंड डॉग’ १९५६चं. ते त्याच्या आधी, १९५३ साली, बिग मामा थॉर्नटन या दणदणीत आवाजाच्या काळ्या बाईंनी गाजवलेलं. एल्विसच्या तबकड्या लाखांनी खपल्या, बाईंच्या हाती फारच थोडे पैसे आले. पण इथं गोष्ट संपत नाही. ते गाणं बाईंनी तरी कुठं रचलं होतं? ते लिहिलं होतं जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या, ज्यू तरुणांनी. आणि त्या दोघांना ही ढब आली कुठून? काळ्यांच्या ब्लूजमधून. चबी चेकरचा ‘ट्विस्ट’सुद्धा हँक बॅलर्ड नावाच्या गायकाचा आधीचा. म्हणजे ज्याला मी मूळ म्हणत होतो, त्याच्याही मागं कुणीतरी उभा होता. त्या साखळीला पहिली कडी सापडत नाही.

मग सगळंच माफ का? नाही. घेणं हा गुन्हा नाही. कविता करणारा माणूस तरी वेगळं काय करतो? मी वापरतो तो प्रत्येक शब्द आधी कुणीतरी वापरलेला असतो. दोष आहे तो घेऊन नाव पुसण्यात. क्रुडपचे पैसे न देण्यात दोष आहे. ज्यांनी वाद्यमेळ बांधला त्या गोवेकरांची नावं पडद्यावर न आणण्यात दोष आहे. सी. रामचंद्रांबद्दल म्हणाल, तर ‘गोरे गोरे’ची उसनवारी खरी आहे, ती झाकू नये. पण त्याच माणसानं ‘अनारकली’च्या चाली बांधल्या, त्यानंच २७ जानेवारी १९६३ला दिल्लीत लताबाईंकडून ‘ऐ मेरे वतन के लोगो’ गाऊन घेतलं, आणि त्यानंच मराठीत १९७०च्या ‘घरकुल’ची गाणी केली. असा माणूस परक्याच्या अंगणातलं रोप आणतो, तेव्हा ते आपल्या मातीत लावतो. वरातीत ‘ईना मीना’वर नाचणाऱ्या एकाही माणसाला आपण परदेशी काही करतोय असं वाटलं नाही, हा त्याचा पुरावा.

२०२०च्या टाळेबंदीत कपाट आवरताना मामूंची वही हाताला लागली. सोळा वर्षांनी ती मी पहिल्यांदा उघडली. मला वाटलं होतं, सुपाऱ्यांचा हिशेब असेल. शेवटच्या काही पानांवर तो होताही. पण पहिली चाळीस-एक पानं गाण्यांची होती. चौथी शिकलेल्या माणसाचं मोठं, गोल मराठी अक्षर. गाण्याचं नाव, शेजारी चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. प्रत्येक गाण्याचं, न चुकता. विविध भारतीवर निवेदक गाण्याच्या आधी ही सगळी नावं सांगतात ना, ती ऐकून त्यांनी लिहून घेतली होती. एखादं नाव ऐकायचं राहिलं तर तिथं रिकामी जागा सोडलेली आणि नंतर वेगळ्या शाईनं भरलेली. ‘ईना मीना’पुढं लिहिलं होतं, “सी. रामचंद्र, आपले पुणतांब्याचे.”

मी ‘गोरे गोरे’चं पान शोधलं. नाव, चित्रपट, संगीतकार, सगळं जागच्या जागी. खाली नंतर लिहिलेली एक ओळ होती. “मूळ चाल अमेरिकेची. भाच्याने सांगितले.”

श्रोतेहो, ईदच्या दिवशी चारचौघांत मी ज्यांचा अपमान केला, त्यांनी घरी जाऊन वही काढली होती आणि माझ्या तोंडून आलेली माहिती नोंदवली होती. मला श्रेय देऊन. नाव न पुसण्याचा जो धडा मी पुढची वीस वर्षं पुस्तकांत शोधत होतो, तो मामू त्यांच्या वहीत रोज गिरवत होते. वरातीत कुणी त्यांना संगीतकाराचं नाव विचारणार नव्हतं. तिथं कुठली श्रेयनामावली लागणार होती? तरीही त्यांना ते नाव माहीत असणं गरजेचं वाटत होतं. ज्याची चाल वाजवतो त्याचं नाव तरी आपल्याला ठाऊक हवं.

एक शेवटची गोष्ट सांगतो. १९७७ साली अमेरिकेनं ‘व्हॉयेजर’ नावाची दोन यानं अंतराळात सोडली. एक ऑगस्टमध्ये, एक सप्टेंबरमध्ये. त्याच ऑगस्टच्या १६ तारखेला एल्विस गेला होता. या यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. दूर कुठं कुणी भेटलंच तर त्यांना कळावं, पृथ्वीवर कसं गातात. त्या तबकडीत बाख आहे, बीथोव्हन आहे आणि रॉक अँड रोलचं एक गाणंही आहे, चक बेरीचं ‘जॉनी बी गूड’, १९५८चं. आणि त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई आणि गिटार घेऊन उड्या मारणारा चक बेरी, दोघं एकाच तबकडीवर बसून सूर्यमालेच्या बाहेर निघाले आहेत. तिथं उच्च कोण, हलकं कोण, हे विचारायला कुणी केसकर नाहीत आणि कॉलेजात शिंग फुटलेला कुणी भाचाही नाही.

आमच्या घरी मामूंचा ट्रंपेट आहे. मामी गेल्या तेव्हा तो माझ्याकडे आला. खटके जाम झालेत, त्यांपैकी एक तर हलतच नाही. दर ईदच्या आदल्या दिवशी मी तो चिंचेच्या कोळानं घासतो. वाजवता मला येत नाही. ओठ लावून एकदा बघितलं, नुसती हवा गेली. मग वही उघडली आणि पहिल्या पानापासून नावं मोठ्यानं वाचली. गाणं, चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. जिथं मला ठाऊक आहे तिथं मी पेन्सिलीनं वादकाचं नावही लिहितो. ‘अलबेला’च्या पानावर लिहिलं, “ट्रंपेट : चिक चॉकलेट, हळदोणे.” आणि ‘ईना मीना डीका’च्या पानावर, पुणतांब्याच्या खाली, जागा थोडी होती, तरी लिहिलं, “संगमनेरात वाजवणारे : मामू.”